भाऊजींचा फुकट गेलेला बाप्तिस्मा

ट्रॉय, मिशिगन
१८ ऑगस्ट २००२

दीना,

फोन उचलायचा नाही असं तू ठरवलं आहेस हे मला सातव्या वेळी कळलं. सहा वेळा मी डॅनियलच्या त्या मशीनशी बोलले. तुझा मुलगा त्यात इंग्रजीत सांगतो की निरोप ठेवा, मी मराठीत ठेवते, आणि तो तुझ्यापर्यंत पोचतो की नाही देव जाणे. म्हणून आता कागद. माझं अक्षर ओळखून तू पाकीट तसंच टाकून देशील अशी भीती होती, म्हणून पत्ता पास्कलकडून लिहून घेतला आहे. माझ्या नवऱ्याचं अक्षर इतकं वाईट आहे की हे कोणाचं, या उत्सुकतेपोटी तरी फोडशील.

एकोणचाळीस वर्षं झाली आपल्याला. मुंबईत नर्सिंगच्या होस्टेलवर तू पेणहून आलीस, मी वसईहून. शुक्रवारी संध्याकाळी तू तुमच्या ज्यू रीतीनं शब्बाथचा दिवा लावायचीस, रविवारी मी चर्चला पळायचे, आणि उरलेले पाच दिवस आपण दोघी मिळून मेट्रनला नावं ठेवायचो. इथे आल्यावरही तू साऊथफील्डला आणि मी ट्रॉयला, म्हणजे अर्ध्या तासाच्या अंतरावर तीस वर्षं. आणि तू घर विकून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला मुलाकडे गेलीस हे मला तुझ्या शेजारणीनं सांगितलं. हे बरोबर झालं नाही. माझंही बरोबर नव्हतं, पण आधी तुझं सांगून टाकलं.

आता माझं. मार्चमधल्या हार्ट अटॅकमधून सॅम्युअल भाऊजी उठले म्हणून तू जूनमध्ये नवसाचा मलिदा केलास. गोड पोहे, खोबरं, पाच फळं, तुमच्या एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याचं नाव, सगळं साग्रसंगीत. सफरचंदं मी चिरली. घर माणसांनी भरलेलं, भाऊजी नव्या शर्टात. आणि त्यांच्या पानात पोहे वाढता वाढता मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "भाऊजी, आता काळजी नको. तुमचं दोन्हीकडचं तिकीट कन्फर्म आहे. आयसीयूत मी तुमचा बाप्तिस्मा करून ठेवलाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मला वाटलं लोक हसतील. भाऊजी हसलेसुद्धा. तू मात्र माझ्या हातातलं ताट काढून घेतलंस आणि म्हणालीस, "शैला, तू आता घरी जा."

पण दीना, झालं तरी काय होतं? तू डॅनियलला फोन करायला बाहेर गेली होतीस. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी धावत होती. मी त्यांच्या कपाळाला दोन थेंब पाणी लावलं आणि तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं, बस. तापलेल्या माणसाच्या कपाळावर आपण ओली घडी ठेवतोच की. न सांगता गाव सोडून जाण्याएवढं त्यात काही नव्हतं.

पत्र लिही. ते जमत नसेल तर मशीनला सांग, माझ्याशी बोलायला.

शैला


ट्रॉय
६ ऑक्टोबर २००२

दीना,

तुझं उत्तर नाही, पण पाकीटही परत आलं नाही. म्हणजे फोडलंस. पास्कलच्या अक्षराचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू स्वतः नर्स, तेव्हा ओल्या घडीची थाप वाचून कपाळावर हात मारला असशील. भाऊजींना ताप नव्हताच. झालं ते असं. प्लास्टिकच्या ग्लासातलं पाणी मी त्यांच्या कपाळावर तीनदा ओतलं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं, पूर्ण शब्द म्हटले, एकही गाळला नाही. नावसुद्धा ठेवलं. घाईत दुसरं सुचेना म्हणून माझ्या काकांचं ठेवलं, बावतीस. माझ्या हिशेबी तुझा नवरा मार्चपासून बावतीस रोहेकर होता. हे मी त्या दिवशी मलिद्याला बोलले नाही, एवढी तरी अक्कल शिल्लक होती.

हे कुठे शिकले ते तुला ठाऊक आहे. होस्टेलवर सिस्टरनी शिकवलं होतं की माणूस मरणाच्या दारात असेल आणि फादर जवळ नसेल, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. त्या तासाला तू माझ्या शेजारी बसून स्वेटर विणत होतीस. मी वहीत लिहून घेत होते.

तर मी कन्फेशनला गेले. आमचे फादर ग्रॅबोव्स्की ऐंशीचे आहेत, पोलिश, आणि एका कानानं ठार बहिरे. त्यामुळे माझं पाप मागे रांगेत उभ्या असलेल्या चौघांनाही ऐकू गेलं. फादर आधी हसले. इतके हसले की रुमाल काढावा लागला. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"त्या माणसानं मागितला होता का बाप्तिस्मा?"

"ते बेशुद्ध होते, फादर."

"शुद्धीत असताना? तीस वर्षांत कधी?"

"माझ्याकडे त्यांनी फक्त पापलेटचं कालवण मागितलं."

"मग पाणी फुकट गेलं," ते म्हणाले. "मोठ्या माणसानं स्वतः मागितल्याशिवाय तो लागत नाही. तो होता तोच आहे. तू त्याला फक्त भिजवलंस."

मला हायसं वाटलं, आणि खरं सांगू, थोडा अपमानही वाटला. एवढं सगळं नियमानं केलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "पण का केलंस?" मी म्हटलं घाबरले होते. "कशाला घाबरलीस?" ते मी त्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले, देवानं ज्यू लोकांना दिलेलं वचन परत घेतलेलं नाही, ते लोक त्याला आजही प्रिय आहेत, हे रोमला पासष्ट साली सगळ्या बिशपांनी बसून लिहिलं. "तू तेव्हा कुठे होतीस?"

"बेडपॅन धूत होते, फादर."

प्रायश्चित्त म्हणून मला वाटलं पाच-दहा प्रार्थनांवर सुटेन. तर त्यांनी संत पौलानं रोमच्या लोकांना लिहिलेल्या पत्रातले तीन अध्याय मोठ्यानं वाचायला सांगितले. मराठीतच वाच म्हणाले, इंग्रजीत तुझं लक्ष राहत नाही. आणि मग मैत्रिणीला खरं सांग.

अर्धं खरं वर सांगितलं आहे. अर्धं अजून माझ्याच्यानं लिहवत नाही.

शैला


ट्रॉय
१५ डिसेंबर २००२

दीना,

इथे गुडघाभर बर्फ आहे. तुमच्याकडे नुसता पाऊस, असं टीव्हीवर दाखवतात. भाऊजींना ओल सोसत नाही, पायात मोजे घालायला लाव. सांगायचा मला काही अधिकार उरलेला नाही, तरी सांगते.

ते तीन अध्याय वाचले. रोज सकाळी, स्वयंपाकघरात, मोठ्यानं. पास्कलनं पहिल्या दिवशी विचारलं, "कोणावर ओरडतेस?" पौल स्वतः तुमच्यातलाच, त्यामुळे त्याचा जीव तुटतो आहे, हे वाचताना कळतं. पण एका ठिकाणी माझं आणि त्याचं भांडण झालं. तो म्हणतो, ज्यू लोक म्हणजे राखलेलं ऑलिव्हचं झाड, आणि आम्ही बाहेरचे म्हणजे रानटी फांदी, त्या झाडावर कलम केलेली. आता मी वसईच्या वाडीतली मुलगी. माझे बाबा गावठी गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरायचे. खुंट रानटी आणि वरची जात चांगली, अशी ती रीत. चांगल्या झाडावर रानटी फांदी कोण बांधेल? बाबा म्हणाले असते, हा माणूस शहरात वाढलेला दिसतो. पुढे वाचते तर पौल स्वतःच कबूल करतो की हे निसर्गाच्या उलट आहे. मग माझ्या लक्षात आलं की त्याला नेमकं तेच सांगायचं होतं. कोणी शहाणा माळी करणार नाही ते देवानं आमच्यासाठी केलं, म्हणून फांदीनं मुळापुढे मिरवू नये. मूळ फांदीला पोसतं. मी एकोणचाळीस वर्षं तुझ्या घरी जेवले आहे, हे मला कोणी वेगळं समजावायला नको होतं.

आता उरलेलं अर्धं.

मी कशाला घाबरले होते ते सांगते. माझ्या डोक्यात लहानपणापासून असं बसलं होतं की अब्राहामाला दिलेलं वचन तुमच्याकडून निघून आमच्याकडे आलं. सातबाऱ्यावरचं नाव बदलतं तसं. तुम्ही चांगली माणसं, पण जमीन आता तुमची नाही. एरवी मी याचा विचार करत नसे. त्या दिवशी आयसीयूत भाऊजींचा चेहरा पांढरा पडला तेव्हा केला. वाटलं, हे इथून गेले की तिकडे दार बंद. मागून तूही जाशील, तुलाही बंद. आणि मी तिकडे पास्कलशी एकटीनं काय बोलणार? तो इथेसुद्धा बोलत नाही. माझ्या हातात पाणी होतं आणि मी ओतलं. प्रेमानं ओतलं, हे खरं आहे. पण तुझा देव तुला विसरला असं समजून ओतलं, हेही तितकंच खरं आहे.

आणखी एक. होस्टेलच्या पहिल्या वर्षापासून मी दर बुधवारी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेत तुझं नाव घेते. तुझ्या गुडघ्यांसाठी नव्हे. तू आमच्यात यावीस म्हणून. एवढी वर्षं. हे तुला कधीच कळलं नसतं, पण प्रायश्चित्त म्हणजे प्रायश्चित्त.

मला यातून बाहेर कोणी काढलं असेल तर माझ्या नातीनं. आन्या आता आठ वर्षांची, रविवारच्या धर्मवर्गात ती माझ्याच हाताखाली आहे. मी मुलांना अब्राहामाची गोष्ट सांगत होते. आकाशातले तारे, तेवढी संतती, कायमचं वचन. आणि मग, नेहमीसारखं, ते वचन पुढे आपल्याकडे कसं आलं ते. आन्यानं हात वर केला.

"सो गॉड टुक इट बॅक?"

"हं, तसंच काहीसं."

"देन हाऊ डू वी नो ही वोन्ट टेक अवर्स बॅक, आजी?"

मी मुलांना बिस्किटं वाटली. घरी येऊन अकरावा अध्याय पुन्हा काढला. देव दिलेलं परत घेत नाही, असं तिथे सरळ लिहिलं आहे. पुढच्या रविवारी वर्गात मी सांगितलं की मागच्या आठवड्यात आजी चुकली होती. आन्या म्हणाली, "आय न्यू इट."

तू म्हणशील, म्हणजे आता तुमचं चर्च बदललं का? मलाही नीट सांगता येणार नाही. या ऑगस्टमध्ये इथल्या बिशपांच्या आणि रब्बींच्या लोकांनी मिळून एक निवेदन काढलं. त्यात बिशपांच्या बाजूनं लिहिलं आहे की ज्यूंना आमच्यात आणायची मोहीम चर्चनं चालवू नये. त्यावर मोठमोठी माणसं भांडत आहेत. मी फादरना विचारलं. ते म्हणाले, येशू सगळ्यांसाठी आला हे आपण सोडत नाही, आणि देवाचं ज्यूंना दिलेलं वचन उभं आहे हेही सोडत नाही. दोन्ही एकत्र कसं बसतं? "पौलालाही ते सुटलं नाही. शेवटी त्यानं देवापुढे हात टेकले. तूही टेक, आणि तोवर मैत्रिणीवर पाणी ओतू नकोस." मग मी वचनातल्या देशाचंही विचारलं. ते म्हणाले, त्या भूमीशी ज्यूंचं नातं आम्ही समजून घेतो, पण आजच्या सीमा बायबलमधून मोजत नाही. मी त्यांना तिकडे इस्राएलात, दिमोनाला राहणाऱ्या तुझ्या बहिणीचं सांगितलं, तिथे भेंडी मिळत नाही म्हणून दर पत्रात रडते ती. फादर म्हणाले, वचन दूध आणि मधाचं होतं, भेंडीचं कोणी बोललं नव्हतं.

नोव्हेनातून मी तुझं नाव काढलं आहे. माझं चुकलं, दीना. मलिद्याला बोलले ते नव्हे, त्याच्याही आधीचं सगळं.

शैला


ट्रॉय
२ मार्च २००३

दीना,

काल तुझा फोन ठेवला. पास्कलनं विचारलं कोण होतं, मी म्हटलं दीना, तर तो उठून चहा करायला गेला. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिला. साखर विसरला.

तू बोललीस ते सगळं मी ऐकून घेतलं आणि मला तोंडपाठ आहे. "तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस आणि मनातल्या मनात मला पुसून दुसरीच कोणी काढत होतीस." तू रडली असतीस तर मला सोपं गेलं असतं. पण तू रडत नाहीस, पहिल्यापासून.

आणि मग तू त्याच आवाजात म्हणालीस, "अकरा तारखेला सॅम्युअलचा व्हॉल्व्ह बदलायचाय. डॅनियलच्या बायकोचे दिवसही त्याच आठवड्यात भरतात. मी दोन ठिकाणी पुरी पडणार नाही. तू ये."

मी म्हटलं, "मी?"

"त्याच्या उशाशी मला नर्स हवी, आणि ओळखीची हवी. पाण्याचा ग्लास मी भरीन."

मी हसले, तू हसली नाहीस. मग विचारलंस, नोव्हेनातून नाव खरंच काढलं का. मी म्हटलं, डिसेंबरातच.

"त्या जागी कोणाचं घातलंस?"

"कोणाचंच नाही. रिकामी आहे."

"मग सॅम्युअलचं घाल. बरं वाटावं म्हणून. तेवढ्यासाठीच."

तेवढ्यासाठीच घालते आहे. या बुधवारी मोठ्यानं घेईन, फादरच्या चांगल्या कानाच्या बाजूनं. नऊ तारखेचं तिकीट काढलं आहे. विमानतळावर तू येऊ नकोस, डॅनियलला पाठव. तुला समोर बघून मी काय बोलेन याचा भरवसा नाही, आणि मी बोलले की काय होतं ते आपण पाहिलं आहे.

शैला


बेलव्ह्यू
१३ मार्च २००३, दुपार

दीना,

हे हॉस्पिटलच्या मेन्यूच्या पाठीवर लिहिते आहे आणि तुझ्या पर्समध्ये सरकवून ठेवणार आहे. समोरासमोर मला धड सांगता येणार नाही. तू आता वरच्या मजल्यावर नातीला मांडीवर घेऊन बसली आहेस, आणि मघाशी फोनवर तू एवढंच म्हणालीस की नाक सॅम्युअलवर गेलंय, बिचारी.

सकाळी काय झालं ते तुला कळायला हवं. ऑपरेशनला दोन दिवस झाले तरी भाऊजींची नाडी अजून अडखळत होती. असं होतं, आपल्याला दोघींना ठाऊक आहे, आणि दोघींनाही भीती वाटायची ती वाटलीच. तेवढ्यात डॅनियलचा फोन आला, कळा सुरू झाल्या. तू उठलीस, दारापर्यंत गेलीस आणि परत आलीस. पर्समधून एक कार्ड काढून माझ्या हातात दिलंस. तुमची ती शेवटच्या घडीला म्हणायची प्रार्थना, शमा, हिब्रूतली, पण तू देवनागरीत लिहून काढलेली. ठळक, सुटं अक्षर, म्हणजे मला वाचता यावं म्हणूनच लिहिलेली. आदल्या दिवशीच लिहून ठेवली असणार.

"मी वर असताना काही झालं, तर त्याच्या कानात हे म्हण," तू म्हणालीस. "हेच. दुसरं काही नाही."

आणि गेलीस. ग्लास भरून टेबलावर ठेवला होतास, तो तिथेच होता. तू तो सोबत नेला नाहीस, हे मी पाहिलं.

मी खुर्चीत बसले. दोन तास मी मॉनिटरकडे आणि त्या कार्डाकडे बघत होते. साडेदहाच्या सुमाराला नाडी सुधारायला लागली. अकराला डॉक्टर येऊन म्हणाले, आता ठीक आहे. म्हणजे काही झालं नव्हतं, दीना. कार्डाची गरज उरली नव्हती. मी ते पिशवीत टाकायला हवं होतं.

पण मला वाटलं, तू हे शब्द माझ्या हातात दिलेस. नवरा असा पडलेला, आणि त्याच्या कानात शेवटचं काय पडावं ते तू माझ्यावर सोपवून गेलीस. आता एकदा तरी ते माझ्या तोंडून निघावेत. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी वाचलं, अक्षर अक्षर लावत. शमा इस्राएल. ऐक, इस्राएला. परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच, अजूनही तुझाच. हा अर्थ मला फादरनी सांगितला होता, शेवटचे दोन शब्द माझे. पहिली ओळ संपली आणि दुसरीतल्या पहिल्याच शब्दावर मी अडखळले.

भाऊजींनी डोळे उघडले नाहीत. ओठ मात्र हलले. पुढची ओळ ते स्वतः म्हणाले, हळू आवाजात, शेवटपर्यंत.

शैला